चादरीशी स्पर्धा : रुग्ण हलवण्याच्या साधनांचा विचार

रुग्णालयातील उपचारांचा हिशेब औषधे, तपासण्या आणि शस्त्रक्रिया यांच्या रूपाने मांडला जातो. या सगळ्यांच्या दरम्यान रुग्णाचे शरीर एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर किती वेळा नेले गेले, कोणी नेले आणि कशाच्या आधाराने नेले, याची नोंद केसपेपरवर सहसा सापडत नाही. अपघातात मांडीचे हाड मोडलेल्या रुग्णाचा मार्ग पाहिला, तर रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरवरून अपघात विभागातील ट्रॉलीवर, ट्रॉलीवरून एक्स-रेच्या टेबलावर, तेथून परत ट्रॉलीवर, मग सीटी स्कॅनच्या टेबलावर आणि परत, पुढे शस्त्रक्रियेच्या टेबलावर, तेथून पुन्हा ट्रॉलीवर आणि अखेर वॉर्डातील खाटेवर, अशी निदान आठ स्थानांतरे होतात. या प्रत्येक वेळी मोडलेले हाड हलते, सलाइनची नळी ताणली जाते आणि उचलणाऱ्या चार-सहा जणांच्या कण्यांवर भार येतो. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय या आठ क्षणांसाठी लागणारी साधने हा आहे. त्यात मांडावयाचा मुद्दा असा की, भारतीय रुग्णालयांत अशा कोणत्याही नव्या साधनाची स्पर्धा रुग्णाच्या अंगाखालच्या चादरीशी असते, आणि चादर का जिंकते हे न समजता आखलेले साधन कितीही सुरक्षित असले तरी भांडारगृहात धूळ खात पडते.

सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत ज्यांना सगळेच ‘मामा’ आणि ‘मावशी’ अशी हाक मारतात ते वॉर्डबॉय व आया, त्या पाळीची सिस्टर आणि रुग्णाचा हाताशी असलेला एखादा नातेवाईक मिळून चादरीची चार टोके व दोन कडा गुंडाळून मुठीत धरतात, कोणीतरी तीनपर्यंत मोजतो आणि रुग्ण पलीकडे जातो. या कामाला अर्धे मिनिटही पुरत नाही. साधन म्हणून चादरीकडे नीट पाहिले तर तिचे गुण थक्क करणारे आहेत: ती आधीपासूनच रुग्णाखाली असते, त्यामुळे तिला शोधावे लागत नाही आणि ती घालण्यासाठी रुग्णाला कुशीवर वळवावे लागत नाही, तिला वीज लागत नाही, ती धोबीखान्यात जाऊन परत येते, तिची देखभाल करणारा तंत्रज्ञ नेमावा लागत नाही, आणि ती कशी वापरावी हे कोणालाही शिकवावे लागत नाही. तिचे दोषही तितकेच स्पष्ट आहेत. तिला मुठी नाहीत, त्यामुळे धरणाऱ्याची बोटे आवळून दुखतात व पकड सुटते. ती मध्यभागी झोळ घेते, त्यामुळे रुग्णाचे कुल्ले खाली लोंबतात आणि पाठ वाकते. अनेक धुलायांनी विरलेली चादर फाटू शकते. आणि सुती कापडाचे गादीवरील घर्षण इतके असते की चादर ओढण्यापेक्षा उचलणेच सोपे वाटू लागते. सगळा अनर्थ या शेवटच्या दोषातून घडतो.

उचलण्याने कण्याचे काय होते, हे तरफेच्या साध्या नियमाने समजते. हातातील वजन कण्यापासून जितके दूर, तितका त्याचा वाकवणारा परिणाम, म्हणजे आघूर्ण, अधिक. आणि हे आघूर्ण तोलण्यासाठी पाठीच्या स्नायूंना कण्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर अंतरावरून ओढ द्यावी लागते. समजा, ६० किलो वजनाच्या रुग्णाला चौघांनी उचलले आणि धडाकडच्या बाजूला उभ्या असलेल्या एकाच्या वाट्याला २० किलो आले. मधल्या ट्रॉलीवरून वाकून हात पुढे केल्यामुळे हे वजन त्याच्या कण्यापासून ५० सेंटिमीटरवर असेल, तर ते तोलण्यासाठीच स्नायूंना सुमारे २००० न्यूटन बल लावावे लागते, आणि पुढे झुकलेल्या स्वतःच्या धडाचे वजन सावरण्यासाठी जवळपास तितकेच आणखी. ही सगळी ओढ मणक्यांच्या मधल्या चकत्यांवर दाब म्हणून येते. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने, म्हणजे नायॉशने, चकतीवरील दाबासाठी मानलेली मर्यादा ३४०० न्यूटनची आहे; वरच्या अंदाजी उदाहरणात ती ओलांडली जाते, तेही उचलणारे चौघे असताना.

याच संस्थेच्या १९९१ साली सुधारलेल्या सूत्रात, वजन शरीराजवळ धरलेले असेल आणि इतर सर्व परिस्थिती अनुकूल असेल तर उचलण्याची मर्यादा २३ किलो धरली आहे. तेच वजन २५ सेंटिमीटरऐवजी ५० सेंटिमीटर अंतरावर धरावे लागले की मर्यादा निम्म्यावर, म्हणजे साडेअकरा किलोवर येते. हे सूत्र खोक्यांसाठी होते. खोके अचानक आखडत नाही, घाबरून उचलणाऱ्याचा गळा धरत नाही आणि त्याला दुखतही नाही. म्हणून त्या सूत्राचे एक कर्ते टॉमस वॉटर्स यांनी २००७ साली रुग्णांसाठी स्वतंत्र मर्यादा सुचवली, ती ३५ पौंडांची, म्हणजे सुमारे १६ किलोंची. माणसाच्या एका पायाचे वजन शरीराच्या वजनाच्या साधारण १६ टक्के असते. तेव्हा १०० किलो वजनाच्या रुग्णाचा नुसता एक पाय ड्रेसिंगसाठी धरून ठेवणे हीच मर्यादेची रेषा ठरते. त्याआधी १९९९ साली ओहायो स्टेट विद्यापीठात विल्यम मॅरास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाट, खुर्ची व व्हीलचेअर यांच्या दरम्यान रुग्ण हलवण्याच्या प्रचलित पद्धतींमध्ये कण्यावर येणारे भार मोजले होते, आणि दोघांनी मिळून उचलल्यावरही धोका उरतोच असे त्यांना आढळले.

परिचर्या अभ्यासक्रमात ‘बॉडी मेकॅनिक्स’ या नावाने शिकवले जाणारे नियम, म्हणजे गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा, वजन शरीराजवळ धरा, यांवर अनेक दशके भिस्त ठेवली गेली. पण खाटेचा कठडा आणि ट्रॉलीची रुंदी मध्ये असताना वजन शरीराजवळ धरता येत नाही, आणि गुडघे खाटेच्या चौकटीला अडतात. नियम चुकीचे नाहीत, त्यांच्यासाठी जागाच नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, वजन हाताळण्याच्या प्रशिक्षणाने कामगारांची कंबरदुखी टळते याला आधार मिळाला नाही, आणि अस्वस्थ करणारी बाब अशी की प्रशिक्षणाच्या जोडीला साधने दिली तरीही मिळाला नाही. साधनांच्या पुरस्कर्त्यांनी हा निष्कर्ष टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. साधन दिले जाणे आणि साधन वापरले जाणे यांत अंतर असते, व साधनाचा कस त्याच अंतरात लागतो.

रुग्णाच्या बाजूने पाहता पहिला प्रश्न त्वचेचा येतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ओढले की त्वचा कापडाला चिकटून मागे राहते आणि आतली हाडे पुढे सरकतात. मधल्या ऊतींचे थर एकमेकांवरून विरुद्ध दिशांना ताणले जातात, त्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या पिळल्या जातात आणि वर काही न दिसता आत इजा सुरू होते. या ताणाला कर्तन बल म्हणतात, आणि कमरेखालचा भाग लुळा पडलेल्या रुग्णांच्या बेडसोअरमध्ये त्याचा वाटा असल्याचे १९५८ सालीच वैद्यकीय नियतकालिकात मांडले गेले होते. बेडसोअर टाळणे हे कुशीवर वळवण्याच्या अखंड कामावर अवलंबून असते, आणि ते काम हातांनी किती उत्तम होऊ शकते याचा दाखला परळच्या के.ई.एम. रुग्णालयाने दिला आहे: तेथील परिचारिकांनी १९७३ पासून सांभाळलेल्या आपल्या एका सहकारी परिचारिकेला ३७ वर्षांत एकही बेडसोअर झाला नाही, ही बाब २०११ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आली. हा दाखला परिचारिकांच्या निष्ठेचा आहे. सगळ्या वॉर्डांनी त्याच्या भरवशावर राहावे, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. साधनरचनेची गरजच मुळी जेथे एका सिस्टरकडे खूप रुग्ण असतात तेथे निर्माण होते.

घर्षण कमी करणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि तो सर्वांत जास्त दुर्लक्षिला गेला आहे. समतल पृष्ठभागावर वस्तू सरकवण्यासाठी लागणारे बल म्हणजे वजन गुणिले घर्षणगुणांक. ६० किलोच्या रुग्णाखाली हा गुणांक ०.५ धरला तर ओढण्यासाठी सुमारे ३० किलो वजन पेलण्याइतका जोर लागेल, तो ०.१ वर आणला तर ६ किलोंइतकाच. कॅरमवर बोरिक पावडर टाकणाऱ्या कोणालाही हे गणित बोटांनी ठाऊक असते. ‘स्लाइड शीट’ नावाची सरकती चादर याच तत्त्वावर चालते: सिलिकॉनचा लेप दिलेल्या गुळगुळीत नायलॉनचे दोन थर एकमेकांवरून घसरतात, त्यामुळे खालचा थर गादीवर आणि वरचा रुग्णाच्या अंगाला धरून राहतो व घसरण्याची क्रिया त्वचेपासून दूर, दोन कापडांच्या मध्ये होते. कर्तन बल जसे कमी होते तसा ओढणाऱ्याचा भारही कमी होतो; रुग्ण आणि कर्मचारी या दोघांचे हित एकाच गुणधर्माने साधणारी अशी उदाहरणे साधनरचनेत फार नाहीत. दोन पृष्ठभागांमध्ये फट असेल तेथे कडक फळीभोवती फिरते कापडी वेष्टन असलेला रोलर बोर्ड पूल म्हणून उपयोगी पडतो.

याच्या पुढची पायरी हवेच्या गादीची. रुग्णाखाली घातलेल्या चपट्या गादीत पंख्याने हवा भरली जाते आणि तळाच्या बारीक छिद्रांतून ती बाहेर पडत राहून गादी व खाट यांच्यामध्ये हवेचा पातळ थर तयार होतो. असे करण्यासाठी प्रचंड दाब लागत असेल असे वाटते, पण ६० किलोंचे वजन एक चौरस मीटरवर पसरले तर दर चौरस मीटरला सुमारे ६०० न्यूटनच होतात, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यामुळे दोन माणसे स्थूल रुग्णालाही सहज सरकवू शकतात. दोष असे की पंखा मोठा आवाज करतो, खाटेजवळ चालू अवस्थेतील प्लग हवा, आणि तरंगणाऱ्या रुग्णाला थांबवणारे घर्षण उरलेले नसल्याने ट्रॉलीचे ब्रेक कच्चे असले तर तो दोन्हींच्या मधल्या फटीत जाऊ शकतो.

ब्रेकचा आणि उंचीचा विषय येथे विस्ताराने मांडायला हवा, कारण खरेदी समित्या नेमका तो घाईने उरकतात. पाठीचा भाग हँडल फिरवून उचलता येणाऱ्या नेहमीच्या फाउलर बेडची एकूण उंची बहुधा बदलता येत नाही, ट्रॉलीची उंचीही ठरलेली असते, आणि दोन्ही वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या पुरवठादारांकडून आलेल्या असतात. दोन्हींच्या उंचीत एका वितीचा फरक असला की सरकवणे संपते आणि उचलणे सुरू होते. मग जगातली सर्वोत्तम सरकती चादरही निरुपयोगी ठरते. रुग्ण ज्या पृष्ठभागावर जाणार तो किंचित खाली असेल तर गुरुत्वाकर्षणाची मदत मिळते, परतीच्या वेळी नेमके उलट हवे असते. म्हणून पायाने दाबून वर-खाली करता येणारी ट्रॉली ही चैन नव्हे. चाकांचा व्यासही असाच दुर्लक्षित राहतो. लहान चाक लिफ्टच्या फटीत व फुटलेल्या लादीत अडकते, आणि तो धक्का मोडलेल्या हाडाला जाणवतो. शिवाय ट्रॉलीचा पृष्ठभाग क्ष-किरण आरपार जाऊ देणारा असेल व त्याखाली एक्स-रेची प्लेट सरकवण्याची जागा असेल, तर आरंभी मोजलेल्या आठ स्थानांतरांतील दोन वगळताच येतात. जे स्थानांतर करावेच लागत नाही त्याच्याइतके सुरक्षित दुसरे नाही, हे सूत्र साधनांच्या कॅटलॉगमध्ये सापडत नाही, कारण त्यातून विकण्याजोगी वस्तू निघत नाही.

सरकवणे शक्य नसते तेथे, म्हणजे खाटेवरून खुर्चीत, कमोडवर किंवा जमिनीवरून खाटेवर आणताना, उचलयंत्र लागते. तरुणपणी मोटार अपघातात हातपाय लुळे पडलेले विस्कॉन्सिनचे टेड हॉयर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास तेलाच्या दाबावर चालणारे उचलयंत्र तयार केले, आणि इंग्रजी बोलणाऱ्या देशांत त्यांचे आडनाव हेच अशा यंत्राचे नाव होऊन बसले. ज्याला उचलले जाते त्याच्याच डोक्यातून हे साधन निघाले, ही गोष्ट रचनाकारांनी लक्षात घेण्याजोगी आहे. यंत्राचा आडवा दांडा व त्याला टांगलेली कापडी झोळी, म्हणजे स्लिंग, हे भाग सर्वांना दिसतात. परंतु वॉर्डात यंत्र चालेल की नाही हे त्याच्या पायांवर ठरते, कारण तोल राखण्यासाठी ते पाय खाटेखाली घुसावे लागतात. महाराष्ट्रातील जनरल वॉर्डात खाटेखाली नातेवाइकांची चटई, पाण्याचा कॅन, जेवणाचा डबा आणि कपड्यांची पिशवी असते, आणि ते सामान तेथे असण्याला पूर्ण कारण आहे, कारण रुग्णाची निम्मी शुश्रूषा तेच नातेवाईक करतात. दोन खाटांमधले अंतर यंत्र वळवण्याइतके नसते. छतावरील रुळावरून चालणारे उचलयंत्र ही अडचण सोडवते आणि रुग्णासकट यंत्र ढकलण्याचा जोरही वाचवते, पण जुन्या इमारतींच्या छतांची ताकद तपासून घ्यावी लागते, आणि पंखे, दिवे व पडद्यांचे रूळ यांच्याशी त्याचे भांडण मिटवावे लागते.

स्लिंग हा तर स्वतंत्र प्रबंधाचा विषय ठरावा. मांड्यांखालून येणाऱ्या पट्ट्यांमुळे लटकलेल्या रुग्णाचे गुडघे छातीकडे येतात. खुब्याचे ऑपरेशन नुकतेच झालेल्याला ते चालत नाही, आणि श्वास लागणाऱ्याला ते सोसत नाही. साडीतील किंवा गाऊनमधील स्त्रीला मांड्यांमधून पट्टा घेऊन चारचौघांसमोर वर उचलले जाणे यातना देणारे आहे; मांड्या एकत्र धरणारी, अंगावर पांघरूण राहू देणारी बेतणी शक्य असते, मात्र रचनेच्या टप्प्यावर कोणीतरी ती मागावी लागते. आणि धुलाई: आपल्या रुग्णालयांत निर्जंतुकीकरणासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण सर्रास वापरले जाते, आणि क्लोरीन नायलॉनचे धागे कमकुवत करते. वरून धडधाकट दिसणारी पट्टी भाराखाली तुटली तर दोष वापरणाऱ्या मावशीवर येतो. तो खरे तर त्या कापडाची निवड करणाऱ्याचा असतो.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. नंदुरबारच्या डोंगराळ पाड्यांतून रुग्णाला बांबूला बांधलेल्या कापडाच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणले जाते, आणि ते रस्त्यांच्या अभावाचे लाजिरवाणे चिन्ह आहे यात शंका नाही. तरीही त्या झोळीत वजन खांद्यावर, म्हणजे कण्याच्या अगदी जवळ येते, हात मोकळे राहतात आणि खांदा बदलता येतो. वाहणाऱ्याच्या पाठीचा विचार केला तर ती वॉर्डातल्या चादरीपेक्षा सरस आहे. कणा मोडलेल्या रुग्णासाठी मात्र ती घातक आहे, कारण तिच्यात शरीर कमानीसारखे वाकते.

परदेशांत हा प्रश्न कायद्याच्या मार्गाने पुढे गेला. ब्रिटनमध्ये १९९२ च्या नियमांनी हाताने वजन हाताळण्यातील धोका टाळण्याची जबाबदारी मालकावर टाकली. अमेरिकेत २००५ साली टेक्सास व २००६ साली वॉशिंग्टन राज्याने रुग्ण हाताळणीसाठी कायदे केले. जपानच्या २०१३ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी माणसांना हातांनी उचलणे तत्त्वतः नाकारले. पण नियमाचा अतिरेकही झाला. ‘उचलायचेच नाही’ या धोरणामुळे घरात दोन दिव्यांग बहिणींची काळजी कशी घ्यावी, असा वाद इंग्लंडमध्ये न्यायालयात गेला, आणि २००३ च्या निकालात रुग्णाची प्रतिष्ठा व काळजी घेणाऱ्याची सुरक्षा या दोन्ही बाजू तोलल्या पाहिजेत, सरसकट बंदी चालणार नाही, अशी भूमिका घेतली गेली. हा निकाल रचनाकारांनी वाचावा असा आहे, कारण यंत्राची सक्ती हीही रुग्णाला वस्तू बनवू शकते. स्वतःच्या पायांवर थोडा भार घेऊ शकणाऱ्याला पूर्ण लटकवले तर त्याच्या स्नायूंची उरलीसुरली ताकद जाते. त्याला गुडघ्यांना आधार देणारी, धरून उभे राहण्याची साधी चौकट अधिक हिताची.

जपानने यंत्रमानवाचाही प्रयोग केला. रिकेन या संशोधन संस्थेने २००९ साली ‘रिबा’ आणि २०१५ साली अस्वलाच्या चेहऱ्याचा, १४० किलो वजनाचा ‘रोबेअर’ तयार केला, जो दोन हातांवर माणसाला उचलून घेत असे. त्याची छायाचित्रे जगभर छापून आली, पण तो रुग्णालयांतील रोजच्या वापराचे साधन झाला नाही. त्याच देशात पॅनासॉनिकने केलेला, अर्धा भाग सुटा होऊन व्हीलचेअर बनणारा पलंग २०१४ साली काळजीवाहू यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकानुसार प्रमाणित झाला. त्याची कल्पना कमी चमकदार आहे आणि अधिक शहाणपणाची, कारण त्यात उचलणे हा टप्पाच गाळला आहे.

भारतात या दिशेने काम करण्यासाठी लागणारी विद्या आहे; मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ पासून आहे. उणीव निविदेच्या भाषेत आहे. निविदेत यंत्र किती किलो उचलते हे लिहिले जाते. वॉर्डातील कोपऱ्यातून काढून रुग्णाखाली घालेपर्यंत किती वेळ लागतो, एकट्या मावशीला ते रात्रपाळीत चालवता येते का, खाटेखाली किती इंच मोकळे हवेत, कॅथेटरची पिशवी व ड्रेनची बाटली हलवताना कोठे अडकवायची, आणि हायपोक्लोराइटमध्ये किती धुलायांनंतर पट्टीची ताकद पुन्हा तपासायची, हे लिहिले जात नाही. चाचणीही बहुधा पुरवठादाराचा धडधाकट प्रतिनिधी खाटेवर झोपून देतो, आणि तो नकळत स्वतःच मदत करत असतो. चाचणी रात्री तीनच्या सुमारास, अर्धवट शुद्धीतल्या रुग्णाइतक्या ढिल्या व जड पुतळ्यावर, त्या पाळीतील नेहमीच्या माणसांकडून व्हायला हवी, आणि तिच्या शेजारी घड्याळ लावून चादरीचीही चाचणी व्हायला हवी.

सरकत्या चादरीपुरते बोलायचे तर खरेदीचा आकडा खाटांच्या संख्येवरून निघतो. ती एका रुग्णाची दुसऱ्याला लावता येत नाही, आणि धोबीखान्यातून परत यायला निदान एक दिवस जातो. म्हणून ज्या खाटांवर स्वतः हलू न शकणारे रुग्ण असतात तेथे एक रुग्णाजवळ, एक धुलाईत आणि एक सिस्टरच्या टेबलाशेजारच्या कपाटात, अशा तीन लागतात. वॉर्डाला दोन दिल्या तर त्या कुलपात जातात आणि किल्ली दिवसपाळीच्या इन्चार्ज सिस्टरकडे राहते. त्या रात्री मामा पुन्हा चादरीच्या कडा गुंडाळतो.